बरणीतलं कुलूप

वर्गात आल्यावर त्या आधी पाणी प्यायच्या. हजेरी नंतर. टेबलावर स्टीलचा पेला ठेवायचा, पिशवीतून बाटली काढायची, पेला काठोकाठ भरायचा आणि सगळ्या वर्गासमोर उभ्यानं एका दमात रिकामा करायचा. मग हाताच्या पालथ्या बाजूनं ओठ पुसायचे आणि पेला असा आपटायचा की शेवटच्या बाकावर पेंगणारी पोरंसुद्धा ताठ बसायची.

"माह्यं झालं. तुमचं?"

मुलांच्या बाजूनं बाटल्यांची झाकणं उघडल्याचे आवाज यायचे. मुलींच्या बाजूनं काहीच नाही. बाटल्या सगळ्यांसमोर होत्या, भरलेल्या होत्या, पण एक हात पुढे यायचा नाही. त्या कमरेवर हात ठेवून मुलींकडे बघायच्या. "पाणी पेलं काय?" गप्प. "काहून नाई पेलं?" गप्पच.

काहून ते त्यांना माहीत होतं, मला माहीत होतं, मुलींना तर होतंच. पुढे वाचाल तसं तुम्हालाही कळेल. कदाचित तुम्हाला आधीपासूनच माहीत असेल.

आमचं कॉलेज अकोला आणि अमरावती यांच्या मधल्या एका गावात आहे. गावाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर तुम्ही म्हणाल, एवढ्या एकाच गावात असं चालतं. मी तिथे अकरावी-बारावीला गणित शिकवते आणि अकोल्याहून ये-जा करते. त्या जीवशास्त्र शिकवायच्या आणि अमरावतीहून बडनेऱ्यामार्गे यायच्या. दोघींच्या एसट्या एकमेकींच्या समोरून येऊन एकाच फाट्यावर थांबायच्या. फाट्यापासून कॉलेजपर्यंत आम्ही बरोबर चालायचो, म्हणजे त्या बोलायच्या आणि मी चालायचे.

स्टाफरूममध्ये त्या कुणाला नावानं हाक मारत नसत. विषयानंच बोलवायच्या. मी 'गणित'. खिडकीजवळ पेपर वाचत बसणारे सर 'इतिहास'. नवीन लागलेली, सारखी घाबरलेली मुलगी 'इंग्लिश'. "काय इतिहास, आज कोण मेलं?" अशी त्यांची सकाळ सुरू व्हायची. बाकी आम्ही सगळ्याच बायका मॅडम होतो, तरी नुसतं 'मॅडम' म्हटलं की कॉलेजात त्याचा अर्थ त्याच. उंच, रुंद, आवाज शेतातून हाका मारून कमावलेला. माहेर अंजनगाव सुर्जीकडचं, माळ्याचं घर. लहानपण वाफ्यांना पाणी देण्यात गेलेलं. पाण्याबद्दल त्यांना जो राग होता, तो मला वाटतं तिथूनच आला असावा. जिथे जायला पाहिजे तिथे पाणी जात नाही, हे त्यांना बघवायचंच नाही.

आता कॉलेजातली व्यवस्था सांगते, कारण तिच्याशिवाय ही बाई कळणार नाही.

मुलांसाठी भिंत होती. पुरुष शिक्षकांसाठी प्राचार्यांच्या केबिनला लागून एक खोली होती. मुलींसाठी आणि आमच्यासाठी ग्रंथालयामागे चार दारांचं, पांढऱ्या टाइल्सचं स्वच्छतागृह होतं. बाहेर रंगीत अक्षरांत 'मुलींसाठी' असं लिहिलेलं. आणि त्याच्या मुख्य दाराला कुलूप होतं. तपासणीची समिती आली की कुलूप निघायचं, फिनाइल पडायचं, समिती खूश होऊन जायची आणि कुलूप पुन्हा लागायचं. कारण काय, तर उघडं ठेवलं की घाण होतं. न वापरलेली वस्तू स्वच्छ राहते, हे खरं आहे. ह्या न्यायानं वर्गांनाही कुलूप लावायला हवं होतं.

चावी ऑफिसात, बडे बाबूंच्या डोक्यावरच्या खिळ्याला. बडे बाबू म्हणजे आमचे हेडक्लार्क. ऑफिसात त्यांच्याशिवाय दोन कारकून, एक शिपाई आणि बोनाफाइडसाठी उभी असलेली दहा-वीस पोरं. सोळा वर्षांच्या मुलीनं त्या सगळ्यांमधून वाट काढत पुढे जायचं, चावी मागायची, बडे बाबूंनी "काय पाह्यजे?" विचारलं की तोंडानं सांगायचं, आणि काम झालं की पुन्हा त्याच वाटेनं चावी परत नेऊन द्यायची. कुणी जात नव्हतं. आणि कुणी जात नाही म्हणून बडे बाबू छातीवर हात ठेवून सांगायचे, "चावी तं अथीच हाय. कोनी मांगतच नाई."

माझं डोकं आकड्यांत चालतं. शून्य म्हणजे काही नाही, असं मी आयुष्यभर मुलांना शिकवत आले. पण त्या खिळ्याखालचं शून्य म्हणजे सगळंच होतं.

मग आम्ही बायका काय करायचो? पाणी प्यायचो नाही. सकाळी घरून निघताना अर्धा कप चहा, मग घरी परतेपर्यंत काही नाही. ह्याचं तंत्र होतं. जेवणाच्या डब्यात भाजी कोरडी आणायची, तिखट कमी घालायचं, तोंड कोरडं पडलं तर एक लवंग चघळायची. कुणी नवीन शिक्षिका लागली की पहिल्या दिवशी जुनी तिला बाजूला घेऊन हे सांगायची. जणू वारसा द्यायचा होता. 'इंग्लिश'लाही असंच कुणीतरी सांगत असताना मॅडमनी ऐकलं.

"काय शिकवून राहिल्या वो तिले? मरायचं कसं ते?"

"मॅडम, इथे सवय करून घ्यावी लागते."

"सवय! अवो, माह्या बापाचा बैलसुद्धा सवय करून नाई घेत. तहान लागली का दावं तोडते!"

त्या स्वतः दिवसभर प्यायच्या. मधल्या सुट्टीत तरातरा गेटबाहेर पडून रस्त्यापलीकडच्या इस्त्रीवाल्या बाईंच्या घरी जायच्या. इतिहास सर एकदा सहज म्हणाले, "कुठे निघालात मॅडम?"

"लघवीले. येता काय?"

सरांनी पेपर असा तोंडासमोर धरला की दोन दिवस तो खाली आला नाही. प्राचार्यांपर्यंत तक्रार गेली. प्राचार्यांनी बोलावून, टेबलावरचा पेपरवेट फिरवत, समजावलं. "मॅडम, जरा शब्द सांभाळून. संस्काराचं वातावरण आहे."

"मंग काय म्हनू सर? मूत्र? पुस्तकात तेच हाय. मूत्रनिर्मिती. एका धड्याचं नावच हाय."

"शिकवताना म्हणा ना, शिकवताना कोण नाही म्हणतं?"

म्हणजे तो पदार्थ वहीत असेपर्यंत शास्त्र होता आणि अंगात आला की असभ्य. हे त्या मला फाट्यापर्यंत सांगत राहिल्या. रस्त्यावरची माणसं वळून बघत होती.

शिकवायच्या मात्र कशा! मी विज्ञानाची असले तरी किडनी म्हणजे चाळणी, एवढंच मला ठाऊक होतं. एकदा स्टाफरूममध्ये मी तसं बोलले. त्यांनी माझी पर्स उचलली आणि टेबलावर उपडी केली. चाव्या, चष्मा, पैसे, रुमाल, डोकेदुखीच्या गोळ्या, महिनाभराची एसटीची तिकिटं, एक सुकलेलं लिंबू, सगळं सगळ्यांसमोर.

"चाळणी कचरा अडवते, गणित. किडनी तसं नाई करत. ते आधी सगळं बाहेर ओतते. कामाचं, बिनकामाचं, सगळं. मंग एकेक पाहून वापस घेते." आणि त्या एकेक वस्तू पर्समध्ये परत टाकू लागल्या. "हे साखर, पूर्ण वापस. हे मीठ, पाह्यजे तेवढं वापस. हे पाणी, जवळपास सगळं वापस." टेबलावर तिकिटं आणि लिंबू उरलं. "हे लघवी. समजलं?"

समजलं. आजही पर्स आवरताना ते आठवतं.

रक्त गाळण्याचा वेग पुस्तकात दिलेला होता, मिनिटाला सव्वाशे मिलिलिटर. मी तिथेच गुणाकार केला. दिवसाला एकशे ऐंशी लिटर. आमच्या घरच्या ड्रमात एवढं पाणी मावत नाही. "आणि बाहेर पडते किती? दीड-दोन लिटर," त्या म्हणाल्या. "बाकी सगळं तिनं वापस ओढलं. एवढी काटकसर तुमच्यानं तरी होते काय?"

एका दुपारी त्यांनी मला प्रयोगशाळेत नेऊन सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला सांगितला. काचेच्या पट्टीवर किडनीचा कागदाहून पातळ काप होता, गुलाबी-जांभळा रंग दिलेला. आधी नुसती नक्षी दिसली. मग त्यांनी चाक थोडं फिरवलं आणि नक्षीत गोल गोल काहीतरी उठून आलं. वाटीत लोकरीचा गुंडा ठेवावा आणि गुंडा व वाटी यांच्यामध्ये चंद्रकोरीएवढी जागा राहावी, तसं.

"तो गुंडा म्हणजे रक्ताच्या केसाएवढ्या नळ्या. वाटी म्हणजे बोमन संपुट. ती मधातली कोर दिसते ना? तथी पहिला थेंब पडते." त्यांचा आवाज एरवी कधी एवढा खाली येत नसे. "त्या नळ्यांच्या अंगाला पायवाल्या पेशी चिकटून असतात. अशा." त्यांनी दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंफली आणि मधल्या फटी मला दाखवल्या. "ह्या फटीतून गळते. रक्ताच्या पेशी नाई जाऊ देत, मोठं प्रथिन नाई जाऊ देत. एका किडनीत असे दहा लाख गुंडे, दहा लाख वाट्या. प्रत्येक पोरीच्या अंगात हाय हे. देवानं दिलं म्हना, नाई तं कोनी बी दिलं म्हना. आन् आपन त्याले काय देतो? अर्धा कप चहा!"

बोटं अजून गुंफलेलीच होती. रागानं पांढरी पडली होती.

गेटजवळ एक जास्वंदी होती. आमच्याकडचं बोअरचं पाणी खारं. खारपाणपट्टाच हा. त्या पाण्यावर कॉलेजची बाकी सगळी झाडं जळाली होती, एकटी ही जास्वंदी उन्हाळ्यातही हिरवीगार, लालबुंद फुलांनी भरलेली. बडे बाबू रोज तिचीच फुलं तोडून ऑफिसातल्या गणपतीला वाहायचे. प्राचार्य पाहुण्यांना दाखवायचे. ह्या एका झाडाला काय मानवलं, ह्याचं सगळ्यांना कौतुक होतं.

मॅडमनी एक दिवस मला कोपरानं ढोसलं. "पाहा." कॉलेज सुटलं होतं. मुली एसटीला निघाल्या होत्या. एकेक जण गेटजवळ थबकत होती, पिशवीतून बाटली काढत होती आणि घरचं गोडं पाणी जास्वंदीच्या बुडाशी ओतून पुढे जात होती. भरलेली बाटली घरी नेली तर आई ओरडते. म्हणून.

"हे झाड नाई, गणित," मॅडम म्हणाल्या. "हे ह्या पोट्ट्यायच्या किडन्या हायेत." दुसऱ्या दिवशी बडे बाबू फुलं तोडत असताना त्या त्यांच्याजवळ जाऊन उभ्या राहिल्या. "तोडा, तोडा. चांगलं रक्त पेलेली फुलं हायेत." बाबूंच्या हातून परडी पडली. पण चावी खिळ्यालाच राहिली.

बारावीला पहिल्या बाकावर एक मुलगी बसायची. पहाटेच्या पहिल्या एसटीनं आडगावाहून येणारी, बारीक, कायम वही छातीशी धरलेली. नेफ्रॉनची आकृती ती अशी काढायची की मॅडम तिची वही दुसऱ्या वर्गात दाखवायला न्यायच्या. हेन्लेचा लूप नेमका जिथे वळतो तिथे वळलेला. एकाही नावाची रेघ चुकलेली नाही.

जानेवारीत ती वर्गात थंडी वाजून कोसळली. ताप, कंबरेत कळा, उलट्या. अकोल्याच्या दवाखान्यात भरती केलं. मी अकोल्याची, म्हणून मॅडम माझ्याकडे उतरल्या आणि आम्ही दोघी बघायला गेलो. डॉक्टर म्हणाले, लघवीच्या वाटेनं जंतुसंसर्ग वर चढून किडनीपर्यंत गेला आहे. आधीही दोनदा झालेला दिसतो, अंगावर काढला. पाणी कमी, तासन् तास रोखून धरणं, मग जंतू धुतले जात नाहीत. ह्यातून बरी होईल, पण असंच होत राहिलं तर किडनीवर कायमचे डाग पडतील.

मॅडम मुलीच्या उशाशी बसल्या. त्यांनी विचारलं, "हेन्लेच्या लूपनंतर काय येते?"

"दूरस्थ नलिका," मुलगी सलाइनच्या हातानं चादर नीट करत म्हणाली. "मंग संग्राहक नलिका."

"सगळं येते तुले. मंग पाणी काहून नाई पेली वो, बाई?"

मुलगी आढ्याकडे बघत राहिली. "मॅडम, चावी बाबूले मांगा लागते."

तिची आई पायाशी उभी होती. भाजीच्या बाजारातून थेट आलेली, कडेला रिकामी टोपली. ती आवाज न चढवता बोलली.

"मॅडम, लघवी कशी बनते थे तुमी शिकवलं माह्या पोरीले. थे करायची कुठं, हे काहून नाई शिकवलं?"

मॅडम उशाजवळून उठल्या आणि आईसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"आता घरीच राहीन थे," आई म्हणाली. "परीक्षेचं पाहू पुढच्या साली. नाई तं नाई. पोरगी तं राहीन."

"ताला निघाला तं पाठवसान?"

"निघू तं द्या."

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी प्रयोगशाळेत गेले. मॅडम सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसल्या होत्या. मी थांबले. बऱ्याच वेळानं लक्षात आलं, सूक्ष्मदर्शकाचा आरसा खिडकीकडे वळवलेलाच नव्हता. आत काही दिसणं शक्य नव्हतं, नुसता काळोख. मी बाहेर आले.

त्या संध्याकाळी फाट्यावर त्यांचे डोळे लाल होते, पण आवाज नेहमीचा होता. "गणित, बारावीच्या प्रॅक्टिकलात एक प्रयोग हाय. लघवीत साखर हाय का, प्रथिन हाय का, हे तपासायचं. अभ्यासक्रमात हाय. बोर्डानं दिलेला."

"मग?"

"मंग नमुने लागतीन ना!"

त्यांनी प्राचार्यांकडे रीतसर मागणी केली. प्रात्यक्षिकासाठी स्वच्छतागृहाची चावी पाहिजे. बोर्डाचा प्रयोग, नाही म्हणता येईना. बडे बाबूंनी चावी दोन बोटांत धरून अशी दिली, जणू तिलाच काही लागलं आहे. मॅडमनी स्वतः दार उघडलं, आत शिरून स्वतः धुऊन काढलं, बाहेर पाण्याच्या बादल्या ठेवल्या आणि बारावीच्या मुलींना रांगेत उभं केलं, हातात एकेक नळी देऊन. मुलं आपल्या नळ्या घेऊन भिंतीकडे गेली. कित्येक मुली दोन वर्षांत पहिल्यांदा त्या दारातून आत जात होत्या. एक बाहेर येऊन हळूच म्हणाली, "मॅडम, आत आरसा हाय!"

प्रयोग झाला. चावी परत गेली नाही.

त्याच आठवड्यात विज्ञान प्रदर्शन होतं. संस्थेचे अध्यक्ष उद्घाटनाला येणार होते, बरोबर गावातले पुढारी आणि एक फोटोग्राफर. मुलांनी ज्वालामुखी केले होते, पवनचक्क्या केल्या होत्या. जीवशास्त्राच्या टेबलावर पांढरं कापड, त्यावर लाकडाचे दोन स्टँड आणि प्रत्येकात झाकण लावलेल्या नळ्या. पहिल्या स्टँडमधलं पाणी जेमतेम पिवळसर. दुसऱ्यातलं गडद, काही नळ्यांत मोहरीच्या तेलासारखं. वरून खिडकीतलं ऊन. दिसायला फार सुंदर दिसत होतं, हे मला लिहायलाच हवं.

अध्यक्ष हसत हसत आले. "वा मॅडम! हे काय, सरबत ठेवलं काय?"

"लघवी हाय, साहेब."

पुढे केलेला हात अध्यक्षांनी पोळल्यासारखा मागे घेतला. मागून कुणीतरी फस्सकन हसलं. प्राचार्य घाईघाईनं पुढे आले. "मॅडम, हे काय घाणेरडं..."

"घाण नाई सर, अभ्यासक्रम हाय." त्या अध्यक्षांकडे वळल्या. आवाज वर्गातला, मागच्या भिंतीपर्यंत जाणारा. "ह्या नळ्या पोरांच्या. ह्या पोरींच्या. एकाच वर्गाच्या, एकाच दिवसाच्या, एकाच वेळच्या. ऊन तेच, गाव तेच. पोरं पाणी पितात, म्हनून किडनी जास्तीचं सोडून देते. पोरींच्या अंगात पाणीच नाई, म्हनून किडनी शेवटचा थेंबसुद्धा पिळून वापस घेते. किडनीत काही फरक नाई साहेब. दहा लाख इकडं, दहा लाख तिकडं. फरक एका ताल्याचा हाय."

"कसला ताला?" अध्यक्षांनी प्राचार्यांना विचारलं. प्राचार्यांनी बडे बाबूंकडे बघितलं.

"चावी खिळ्याले हाय साहेब," बडे बाबू म्हणाले. "कोनी मांगतच नाई."

"खिळ्याले नाई हाय बाबू," मॅडम म्हणाल्या आणि मूठ उघडली. "मीनं मांगली."

अध्यक्ष राजकारणातले माणूस. समोर प्रदर्शन बघायला आलेल्या मुलींच्या आया होत्या, फोटोग्राफर होता. ते एकदम मोठ्यानं हसले, टाळी वाजवली आणि जाहीर करून टाकलं, आजपासून स्वच्छतागृह कायम उघडं राहील, रोज साफ करायला एक बाई नेमली जाईल. टाळ्या पडल्या. स्वच्छतागृहाच्या दाराला हात लावून उभे असलेले अध्यक्ष पेपरात छापून आले. शेजारी प्राचार्य, शेजारी बडे बाबू. मॅडम त्या फोटोत नाहीत. फोटो काढत होते तेव्हा त्या काढलेलं कुलूप घेऊन प्रयोगशाळेकडे निघाल्या होत्या.

ते कुलूप त्यांनी फेकलं नाही. प्रयोगशाळेच्या कपाटात बरण्यांमध्ये नमुने ठेवलेले असतात, बेडूक, गांडूळ, बडनेऱ्याच्या खाटकाकडून आणलेली बकऱ्याची किडनी. त्या रांगेत त्यांनी एक रुंद तोंडाची बरणी वाढवली, औषधाच्या पाण्यात कुलूप सोडलं आणि वर चिठ्ठी चिकटवली. बाकीच्या चिठ्ठ्यांवर प्राण्याचं नाव असतं, ह्या चिठ्ठीवर होतं, 'रोगाचं कारण'.

पुढच्या सोमवारी ती मुलगी आली. आई गेटपर्यंत सोडायला आली होती. आत येऊन, ग्रंथालयामागे जाऊन, दार आपल्या हातानं ढकलून पाहिलं आणि मगच गेली. त्या दिवशी माझा तास संपला होता, मी मुद्दाम दाराशी रेंगाळले. मॅडमनी पेला भरला, रिकामा केला, आपटला.

"माह्यं झालं. तुमचं?"

मुलींच्या बाजूनं एका बाटलीचं झाकण उघडल्याचा आवाज आला. मग दुसरं. मग सगळीकडून. मॅडम फळ्याकडे वळल्या आणि फळा आधीच कोरा असताना तो पुसत राहिल्या.

त्या उन्हाळ्यात जास्वंदी वाळली. आधी कळ्या गळाल्या, मग पानं. प्राचार्य हळहळले. मॅडम रोज गेटातून आत येताना तिच्याकडे बघून खूश व्हायच्या. "वाळ माय, वाळ," म्हणायच्या.

जूनच्या सुरुवातीला त्यांची बदली झाली. कारण, प्रशासकीय. संस्थेची पार दुसऱ्या टोकाला एक शाखा आहे, तिथे फक्त कला शाखा आहे. सूक्ष्मदर्शक नाही, प्रयोगशाळा नाही, जीवशास्त्रच नाही. तीस वर्षं जिनं किडनी शिकवली, तिला तिथे पर्यावरणाचे तास दिले. अध्यक्षांना सरबत म्हणायला लावण्याची ही शिक्षा. ह्याला दुसरं नाव असेल तर मला कुणीतरी सांगा. आम्ही सगळ्यांनी सह्या करून अर्ज दिला. त्याला आजपर्यंत उत्तर नाही. निरोप समारंभात प्राचार्यांनी त्यांच्या 'परखड स्वभावाचा' गौरव केला आणि शाल दिली. मॅडमनी शाल इस्त्रीवाल्या बाईंना देऊन टाकली.

सफाईच्या बाईंची नेमणूक वर्षभर चालली. मग ती वाढवली नाही. साफ करायला कुणी नाही, म्हणून घाण झाली. घाण झाली, म्हणून कुलूप आलं. नवं, पितळी, पहिल्याहून मोठं. सगळं कसं कारणासहित.

मॅडम अधूनमधून फोन करतात. माझी चौकशी नाही, घरच्यांची नाही. "झाड कसं हाय, गणित?" एवढंच. मागच्या साली मी आनंदानं सांगायचे, काड्या उरल्यात. त्या हसायच्या, असं हसायच्या की मला फोन कानापासून लांब धरावा लागायचा.

ह्या एप्रिलमध्ये फोन आला तेव्हा मी गेटजवळच उभी होते. बुडाशी माती ओली होती, आणि काड्यांना पानं फुटून, त्यांच्यात मूठभर मूठभर लाल फुलं आली होती. एक मुलगी बाटली उपडी करून, माझ्याकडे न बघता, एसटीकडे पळाली.

"झाड कसं हाय?"

"फुललंय," मी म्हटलं.

पलीकडे पेला टेबलावर ठेवल्याचा आवाज आला.

"ताला केवढा हाय?"

मी सांगितलं.

"बरणीत मावते काय, पाहा बरं."

मी प्रयोगशाळेत गेले. कपाट उघडलं. बेडूक, गांडूळ, किडनी आणि शेवटी ती बरणी. कुलपाला गंज चढला होता आणि आतलं पाणी त्या दुसऱ्या स्टँडमधल्या नळ्यांसारखं गडद पिवळं झालं होतं. चिठ्ठीवरची अक्षरं शाबूत होती. मी बरणीच्या तोंडावर पंजा ठेवून माप घेतलं.

"मावतं," मी फोनवर म्हटलं.

"मंग?" त्या म्हणाल्या आणि फोन ठेवून दिला.

ऑफिसात नेहमीची गर्दी होती. पोरं बाजूला झाली. बडे बाबूंनी चष्म्यावरून बघितलं.

"चावी द्या," मी म्हटलं.

"कशाले मॅडम?"

कारकुनांचे हात थांबले. गणपतीपुढे ताजी जास्वंद वाहिलेली होती.

"लघवीला," मी म्हटलं, मागच्या भिंतीपर्यंत जाईल अशा आवाजात.